रस्त्यावरून शेतात : उन्हाळी नांगरटीपूर्वी ट्रॅक्टरची पूर्वतयारी

बीजसंज्ञा : उन्हाळी मशागत, ट्रॅक्टर, ऊसवाहतूक, चाकांची घसरण, भारसंतुलन, पीटीओ, वाफसा

प्रस्तावना

चैत्र आणि वैशाख या दोन महिन्यांत महाराष्ट्रातील कोरडवाहू शिवार रिकामे दिसते. रब्बीची ज्वारी व हरभरा निघून गेलेला असतो, खरिपाला अवकाश असतो आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. परंतु मशागतीच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत जड काम याच काळात होते. जमीन खोल नांगरून ढेकळे उन्हात तापू देणे, हराळीच्या काश्या व लव्हाळ्याच्या गाठी वर काढणे, जमिनीत दडलेले किडींचे कोष उघडे पाडणे आणि वळिवाच्या पावसानंतर कुळवाच्या पाळ्या देऊन ७-८ जूनच्या मृगापर्यंत रान पेरणीयोग्य करणे, असा हा क्रम आहे. पूर्वी सहा-आठ बैलांच्या नांगराने होणारे हे काम आज बहुतांशी ट्रॅक्टर करतो.

हंगामापूर्वी ट्रॅक्टर कसा सज्ज करावा याविषयी उपलब्ध असलेले बरेचसे मार्गदर्शन थंड प्रदेशातील अनुभवावर आधारलेले आहे. तेथे हिवाळाभर छपराखाली उभा राहिलेला ट्रॅक्टर वसंतात बाहेर काढला जातो. त्यामुळे गोठलेले पाणी, उतरलेली बॅटरी, टाकीत साचलेला दमटपणा या गोष्टींना त्या मार्गदर्शनात प्राधान्य असते. महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतील अनेक ट्रॅक्टरांची स्थिती नेमकी उलट असते. ते विश्रांतीतून कामावर येत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाल्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत ते उसाच्या ट्रॉल्या ओढीत असतात आणि कारखान्याचे धुराडे थंडावताच त्यांना नांगर जोडला जातो. यंत्राची पूजा आपल्याकडे खंडेनवमीला होते, म्हणजे वाहतुकीच्या तोंडावर. त्या निमित्ताने ट्रॅक्टर धुतला जातो, ऑइल बदलले जाते. नांगरटीच्या तोंडावर यंत्रांसाठी असा ठरलेला दिवस नाही.

म्हणून येथील पूर्वतयारीचा प्रश्न केवळ देखभालीचा नाही. रस्त्यावरील कामासाठी जुळविलेले यंत्र शेतातील कामासाठी पुन्हा जुळविणे, असे त्याचे स्वरूप आहे. ऑइल आणि फिल्टर बदलूनही टायरमधील हवा, पुढील-मागील वजन, ब्रेकची कडी आणि हायड्रोलिकची जुळणी रस्त्याचीच राहिली तर नांगरट महाग पडते आणि क्वचित प्राणावर बेतते. प्रस्तुत लेखात या फेरजुळणीचा विचार केला आहे.

दोन कामांतील फरक

डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचा वेग अधिक असतो, वारा समोरून लागतो, हवेत धूळ तुलनेने कमी असते आणि भार सलग असतो. शेतात वेग तासाला चार-पाच किलोमीटरवर येतो. समोरून वारा मिळत नाही, मागून येणारा वारा असेल तर नांगराने उडविलेली धूळ तोच इंजिनाकडे आणतो. छायेतील तापमान ४० अंशांच्या वर असताना इंजिन जवळजवळ पूर्ण भारावर तासन् तास चालते. भारही एकसारखा नसतो. भेगाळलेल्या काळ्या रानात फाळ एका क्षणी पोकळीतून जातो आणि पुढच्या क्षणी दगडासारख्या घट्ट थरात रुततो.

या भाराचे मान लक्षात येण्यासाठी एक ढोबळ हिशोब करता येईल. दोन फाळी पलटी नांगराची एकूण रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली २५ सेंटिमीटर धरल्यास एका वेळी १५०० चौरस सेंटिमीटर मातीचा छेद कापला जातो. दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो ओढ लागते असे मानले तर एकूण ओढ ९०० किलो होते. तासाला ४ किलोमीटर वेगाने ही ओढ कायम ठेवण्यास सुमारे १३ अश्वशक्ती लागते. कागदावर हा आकडा चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला किरकोळ वाटेल. परंतु गिअर, चाके आणि माती यांच्यात होणारी हानी वजा जाता इंजिनाला याच्या जवळपास दुप्पट शक्ती द्यावी लागते, आणि जमीन अधिक घट्ट असेल किंवा खोली वाढविली तर राखीव शक्ती झपाट्याने संपते. शक्तीची गळती कोठे होते हे पाहणे म्हणूनच पूर्वतयारीचा गाभा ठरतो.

हवा आणि धूळ

डिझेल इंजिन किती हवा घेते याची कल्पना सहसा नसते. अडीच लिटर क्षमतेचे तीन सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालत असेल, तर दर दोन फेऱ्यांमागे ते एकदा आपली पोकळी हवेने भरते. भरण्यातील तूट वजा केली तरी तासाला सुमारे १२५ घनमीटर हवा आत जाते. दहा तासांच्या कामात ही हवा १२५० घनमीटर होते. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि चार मीटर उंच अशा चार वर्गखोल्यांतील हवा एका दिवसात त्या एका नळीतून जाते, आणि नांगरटीच्या दिवशी ती हवा धुळीने भरलेली असते. मातीतील सिलिकेचे बारीक कण लोखंडालाही झिजवितात. ते सिलिंडरपर्यंत पोहोचले तर रिंगा आणि लायनर यांचे आयुष्य एका हंगामात संपू शकते.

आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांवर तेलाचा एअर क्लीनर असतो. त्याच्या वाटीतील तेलावर हवा आदळते, जड धूळ तेलात बसते आणि उरलेली वरच्या जाळीत अडकते. वाहतुकीच्या दिवसांत ही वाटी आठवड्याने पाहिली तरी निभावते. नांगरटीत मात्र ती रोज उघडावी लागते. तळाशी गाळाचा थर जमला असेल किंवा तेल दाट झाले असेल तर वाटी रिकामी करून डिझेलने धुवावी आणि खुणेपर्यंत नवे तेल भरावे. खुणेच्या वर तेल भरल्याने अधिक संरक्षण मिळते असा एक समज आढळतो. तो चुकीचा तर आहेच, शिवाय धोक्याचा आहे. जास्तीचे तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाते, इंधनासारखे जळते आणि इंजिन आवरेनासे होऊन सुसाट धावू शकते. कागदी फिल्टर असलेल्या ट्रॅक्टरांत बाहेरचा फिल्टर आतून बाहेर हलक्या दाबाची हवा मारून साफ करावा, डिझेलमध्ये धुऊ नये. आतला सुरक्षा-फिल्टर साफ करावयाचा नसतो. तो ठरावीक काळाने बदलावयाचा असतो.

एअर क्लीनर स्वच्छ असूनही धूळ आत जाण्याचा एक मार्ग उरतो. क्लीनर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी होज खड्ड्यांच्या रस्त्यावर सहा महिने हादरे खाऊन तडकलेला असतो किंवा त्याची क्लिप सैल झालेली असते. तेथून शिरणारी हवा कोणत्याही गाळणीतून जात नाही. होज काढून आतून बोट फिरवावे. बोटाला कोरडी माती लागली तर गळती आहे असे निश्चित समजावे.

उष्णता, ऑइल आणि डिझेल

रेडिएटरच्या पंखांत गळीत हंगामात उसाचे पाचट, धूळ आणि गळालेल्या ऑइलचा लेप बसतो. रस्त्यावर समोरून येणारा वारा हा दोष झाकून ठेवतो, नांगरटीत तो उघडा पडतो. पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला पाणी किंवा हवा मारून जाळी मोकळी करावी. दाब इतका नसावा की पंख मुडपतील. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. तो सैल असेल तर पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही मागे पडतात. फार ताठ असेल तर पंपाचे बेअरिंग झिजते. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी शिफारस केलेले कूलंट वापरावे. उष्ण प्रदेशातही त्याचा उपयोग असतो, कारण ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविते आणि गंज रोखते.

उन्हाळा आला की इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत रूढ आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सकाळी व हलक्या कामात योग्य तापमानाला उशिरा पोहोचते. थंड सिलिंडरमध्ये डिझेल अर्धवट जळते, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. इंजिन खरोखर तापत असेल तर दोष बहुधा जाळी, बेल्ट, कूलंट किंवा रेडिएटरचे झाकण यांत असतो. खराब थर्मोस्टॅट बदलणे आणि थर्मोस्टॅटच काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑइल बदलाचा काळ उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे तासांवर ठरतो. अनेक ट्रॅक्टरांत तो २५० तासांच्या आसपास असतो. येथे तासमापकाविषयी एक बाब ध्यानात ठेवावी. जुन्या यांत्रिक तासमापकाचा काटा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरावीक फेऱ्यांवर तो घड्याळाबरोबर जातो, मंद गतीवर मागे पडतो. कारखान्याच्या गेटबाहेर रांगेत मंद गतीवर चालू ठेवलेल्या इंजिनाचे पुष्कळसे तास अशा काट्यावर उमटतच नाहीत, आणि मंद गतीवर चाललेले इंजिन ऑइलला काजळी अधिक देते. गळीत हंगामानंतर काट्यावरील तास पूर्ण झाले नसले तरी ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलणे शहाणपणाचे ठरते. बदलताना जुने ऑइल नीट पाहावे. ते दुधट असेल तर पाणी शिरले आहे. डिझेलचा वास येऊन पातळी वाढलेली असेल तर इंधनपंपाकडून गळती आहे. अशा वेळी नवे ऑइल भरण्यापूर्वी कारण शोधावे लागते.

डिझेलच्या बाबतीत शत्रू दोन : पाणी आणि कचरा. शेतावर बॅरलमधून डिझेल भरताना बॅरल हलवून लगेच भरू नये, तळाचे काही डिझेल सोडून द्यावे आणि गाळणी वापरावी. टाकी संध्याकाळी भरून ठेवल्यास रात्री आत ओल धरण्यास जागा राहत नाही. गाळाच्या वाटीतील पाणी काढून फिल्टर बदलल्यावर जुन्या पद्धतीच्या पंपात अडकलेली हवा काढावी लागते, आणि हे काम बहुतेक चालकांना येते. मात्र ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन मानक लागू झाल्यानंतर कॉमन रेल पद्धतीची इंजिने शेतांवर येऊ लागली आहेत. त्यांच्या उच्चदाब नळ्यांत डिझेलचा दाब १००० बारहून अधिक असू शकतो. जुन्या सवयीने चालू इंजिनाचे नट सैल केल्यास त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. अशा इंजिनावर पान्याचे काम प्रशिक्षित मेस्त्रीकडेच सोपवावे.

चाळणी, रेडिएटर आणि नोझल यांच्या स्थितीविषयी धूर बरेच सांगून जातो. भाराखाली काळा धूर हवेची कमतरता किंवा जादा इंधन दर्शवितो, निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, आणि इंजिन तापल्यानंतरही राहणारा पांढरा धूर न जळलेले डिझेल किंवा पाणी सुचवितो. काळा धूर म्हणजे ट्रॅक्टरची ताकद, ही समजूत डिझेलच्या खर्चाच्या रूपाने महागात पडते.

वजन, टायर आणि घसरण

फेरजुळणीतील सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. ट्रॉली ओढताना मागील टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते, कारण वेग आणि ट्रॉलीच्या दांडीचा भार दोन्ही अधिक असतात. तोच दाब नांगरटीत ठेवला तर टायर फुगून त्याचा मधला भागच जमिनीला टेकतो, पकड कमी होते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. मागील टायरचा दाब शेतातील कामासाठी साधारणपणे १२ ते १४ पौंडांपर्यंत उतरविला जातो. अचूक आकडा टायरच्या आकारावर आणि भारावर अवलंबून असल्याने पुस्तिकेतून घ्यावा. दाब उतरविण्यास खर्च शून्य आणि वेळ दहा मिनिटे लागतो. डांबरावर सहा महिने घासून टायरच्या नक्षीचे उंचवटे बोथट झालेले असतात, तेही पाहावे. रस्त्यावर चालणारा गुळगुळीत टायर भुसभुशीत रानात निरुपयोगी ठरतो.

टणक जमिनीवर चाक फार न घसरता, त्याच्यावरील भाराच्या साधारण निम्म्याइतकी ओढ देते, असे ढोबळमानाने म्हणता येते. वरील उदाहरणातील ९०० किलो ओढ मिळण्यासाठी मागील दोन्ही चाकांवर मिळून सुमारे १८०० किलो भार हवा. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर उभ्या स्थितीत बाराशे किलोच असतात. उरलेला भार काही अंशी नांगर आणि हायड्रोलिक यांच्याकडून येतो आणि काही अंशी वजने किंवा टायरमधील पाणी यांतून मिळवावा लागतो. व्हॉल्व्ह वरच्या टोकाला ठेवून टायर तीन-चतुर्थांश पाण्याने भरण्याची पद्धत आहे. मध्यम आकाराच्या मागील टायरमध्ये अशा रीतीने प्रत्येकी दीडशे किलोंच्या आसपास वजन वाढते. थंड देशांत हे पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळावे लागतात; आपल्याकडे ती गरज नाही.

परंतु मागे वजन वाढविताना पुढचा विचार न केल्यास नवाच प्रश्न उभा राहतो. सुमारे ४०० किलोंचा पलटी नांगर वर उचलला की तो मागील आसाभोवती तराजूच्या दांडीसारखे काम करतो. त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे १.४ मीटर आणि पुढील-मागील चाकांतील अंतर २ मीटर धरल्यास पुढील चाकांवरील भार २८० किलोंनी कमी होतो. मूळचे ८०० किलो ५२० वर येतात. नांगरासह एकूण वजन २४०० किलो झालेले असते. त्याच्या तुलनेत पुढचा भार २१ ते २२ टक्के राहतो. स्टिअरिंग काबूत राहण्यासाठी पुढील चाकांवर किमान २० टक्के भार असावा असा संकेत आहे. म्हणजे यंत्र आधीच काठावर आहे. आता मागील टायरमध्ये तीनशे किलो पाणी भरले तर पुढचे ५२० किलो तेवढेच राहतात, एकूण वजन २७०० होते आणि प्रमाण १९ टक्क्यांवर घसरते. बांध ओलांडताना किंवा चढावर पुढची चाके उचलली जाण्याचे कारण असे असते. मागे पाणी भरल्यास पुढच्या वजनाच्या पट्ट्याही लावाव्यात, हा नियम या गणितातून आला आहे.

भारसंतुलन योग्य झाले की नाही हे घसरण मोजून तपासता येते, आणि त्यासाठी खडू व मोजपट्टी पुरेशी आहे. मागील टायरवर खडूने खूण करावी. नांगर वर उचलून त्याच रानात चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे, नंतर नांगर नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा मोजावे. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले तर फरक ६ मीटर, म्हणजे घसरण १५ टक्के. नांगरटीत १० ते १५ टक्के घसरण मान्य समजली जाते. दुसरे अंतर २८ मीटरच आले तर घसरण ३० टक्के होते, म्हणजे चाकाच्या दहा फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांचे डिझेल, वेळ आणि टायर मातीत गेले. उलट घसरण पाच टक्क्यांखाली असेल तर ट्रॅक्टरवर नको इतके वजन लादले आहे. त्याने गिअरवर ताण येतो आणि जमीन दाबली जाते. काळी जमीन दाबली गेली की नांगरटीचा निम्मा हेतू तेथेच हरतो.

ताशी किंवा एकरी भाड्याने नांगरट करून घेणाऱ्या अल्पभूधारकाच्या दृष्टीनेही हे मोजमाप महत्त्वाचे आहे. ताशी दर ठरला असेल तर घसरणीचा भुर्दंड त्याच्या खिशातून जातो. एकरी दर असेल तर तोटा ट्रॅक्टरमालकाचा होतो, आणि तो तो बहुधा नांगराची खोली कमी करून भरून काढतो.

जोडणी आणि अवजार

ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची तीन-बिंदू जोडणी जवळजवळ बिनकामाची असते. सगळा ताण हुकावर आणि त्याच्या पिनेवर येतो. नांगरटीत ती जोडणी मुख्य होते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली आणि १९३९ मध्ये फोर्डबरोबरच्या त्यांच्या ट्रॅक्टरमुळे जगभर पसरलेली ही रचना केवळ अवजार उचलण्यासाठी नव्हती. नांगरावरील ओढ टॉप लिंकमार्फत हायड्रोलिकला कळते, ओढ वाढली की नांगर किंचित वर घेतला जातो आणि त्याचा भार मागील चाकांवर येतो. ट्रॅक्टर हलका असूनही पकड मिळते ती यामुळे. सहा महिने न वापरलेले हे नियंत्रण अडकलेले असू शकते. टॉप लिंकची स्प्रिंग, तिचे पिन आणि सांधे मोकळे करून ग्रीस द्यावे, खालच्या दांड्यांचे बॉल झिजले असल्यास बदलावेत आणि साखळ्या नांगर डावी-उजवीकडे थोडाच हलेल इतक्या ताणाव्यात.

प्रत्यक्षात अनेक चालक ओढनियंत्रणाचा दांडा हलवतच नाहीत. खोलीचा दांडा धरून हाताने नांगर वर-खाली करीत राहतात. भेगाळलेल्या रानात हे थकविणारे आणि असमान काम होते. पहिल्या तासी दोन्ही दांड्यांची जुळणी करून पाहण्यात गेलेला अर्धा तास पुढील आठवड्यात परत मिळतो.

फाळाची धार बोथट असेल तर ओढ वाढते आणि नांगर जमिनीत शिरत नाही. मग टॉप लिंक आखूड करून नाक खाली दाबले जाते, त्यामुळे तळाशी तास सपाट पडत नाही आणि ओढ आणखी वाढते. उपाय फाळाचा असतो, टॉप लिंकचा नव्हे. रोटाव्हेटर वापरावयाचा असेल तर पात्यांचे बोल्ट, गिअरपेटीतील ऑइल आणि जोडशाफ्ट तपासावा. जोडशाफ्टच्या आतील दोन्ही काटे एका रेषेत हवेत. ते वाकडे बसविले तर शाफ्ट हादरे देत फिरतो आणि क्रॉस तुटतात. एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्या वळणावरही पुरेशा लांबीने एकमेकींत राहतील हे पाहावे.

सुरक्षिततेच्या जुळण्या

रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पेडले कडीने एकत्र बांधलेली असतात, आणि तसेच असावयास हवे. शेतात वळताना एकाच चाकाचा ब्रेक लावता यावा म्हणून ती कडी काढली जाते. काम संपवून ट्रॅक्टर रस्त्यावर येतो तेव्हा कडी पुन्हा अडकविण्याचे विसरले गेले तर वेगात एकच चाक धरले जाऊन ट्रॅक्टर आडवा होतो. दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी नसेल तर कडी असूनही हाच परिणाम होतो. गळीत हंगामात ब्रेक एकाच बाजूने झिजलेले असण्याची शक्यता मोठी असल्याने ही तपासणी टाळू नये.

ट्रॅक्टर मागे उलटण्याचे कारण बहुधा चुकीच्या जागी बांधलेली साखळी हे असते. रुतलेला नांगर, झाडाचे खोड किंवा दुसरा ट्रॅक्टर ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा आसाला बांधली की चाके अडतात आणि इंजिनाची शक्ती आसाभोवती पुढचा भाग उचलू लागते. परत न येण्याची मर्यादा ओलांडण्यास दीड सेकंदही लागत नाही. क्लच दाबण्याचा विचार मनात येईपर्यंत वेळ गेलेली असते. ओढ नेहमी आसाच्या खालून, ठरलेल्या हुकालाच द्यावी. उलटल्यावर चालकाला वाचविणारी चौकट स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर १९५९ मध्येच सक्तीची केली. आपल्याकडील असंख्य ट्रॅक्टरांवर चौकटीऐवजी उन्हासाठी पत्र्याचे छत असते. ते छत सावली देते, ट्रॅक्टरचे वजन पेलत नाही.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सात-आठ सेंटिमीटर जाडीच्या जोडावर गुंडाळले जाणारे कापड सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाने ओढले जाते. साडीचा पदर, धोतराचा सोगा किंवा गळ्यातील उपरणे अडकल्यास माणसाला मागे सरण्यास अवधीच नसतो. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण तुटले की ते काढून फेकून देण्याची प्रथा आहे. नवे आवरण एका क्रॉसच्या दुरुस्तीच्या तुलनेत फार महाग नसते. तसेच न्यूट्रल-स्विच बिघडले म्हणून खाली उभे राहून पान्याने स्टार्टर जोडणे थांबवावे. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर त्या क्षणी पुढे जातो आणि चाकासमोर उभा असतो तो माणूसच.

नोंदवही आणि पहिले दहा तास

विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचे नवे साल परंपरेने गुढीपाडव्याला सुरू होते. ट्रॅक्टरचा चालकही पुष्कळदा याच सुमारास बदलतो. जुन्या चालकाला ठाऊक असलेल्या गोष्टी, जसे की दुसऱ्या गिअरमधील आवाज, डाव्या ब्रेकची सवय, कोणत्या रानात कोणता गिअर चालतो, या त्याच्याबरोबर निघून जातात. ऑइल बदलाची तारीख व काट्यावरील तास, टायरचा दाब, भरलेले पाणी, मोजलेली घसरण आणि प्रत्येक रानात लागलेले डिझेल एवढ्याच नोंदी असलेली साधी वही ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवल्यास नवा माणूस पहिल्या दिवशी अंधारात चाचपडत नाही. लांबच्या गावी ट्रॅक्टर भाड्याने पाठविणाऱ्या मालकाला तर हिशोबासाठीही ती उपयोगी पडते.

ही तयारी कारखाना बंद झाल्यापासून आठवड्याच्या आत व्हावी. मे अखेरीस वळिवाचा पाऊस झाला की काळ्या जमिनीला वाफसा येतो आणि तो थोडेच दिवस टिकतो. त्या दिवसांत परिसरातील सर्व ट्रॅक्टर आणि सर्व मेस्त्री एकाच वेळी कामात असतात. तेव्हा एका होजसाठी किंवा बेअरिंगसाठी थांबलेला ट्रॅक्टर केवळ मालकाचे रान अडवून धरीत नाही. त्याच्यावर विसंबलेल्या पाच-सात शेजाऱ्यांची पाळी आणि मग पेरणीही लांबते.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टर पूर्ण खोलीवर लावू नये. तासाभराच्या कामानंतर चाकांचे नट, फाळाचे बोल्ट आणि टॉप लिंकचे पिन पुन्हा आवळावेत. नव्याने बसविलेले नट पहिल्या तासात सैल होतात. दुपारी एअर क्लीनरची वाटी आणि रेडिएटरची जाळी पाहावी. दहा तास पूर्ण झाल्यावर गिअरपेटी, हायड्रोलिक आणि पुढील आसाभोवती गळती आहे का ते तपासून बेल्टचा ताण पुन्हा मोजावा, घसरण नोंदवावी आणि त्यानंतर नांगर ठरलेल्या खोलीवर न्यावा.